हरीण माझं, शर्ट सासऱ्याचा

यंदा कुठल्याही म्हाताऱ्याला काहीही विचारायचं नाही, असं मी नोव्हेंबरात ठरवलं. निश्चय तसा मोठा नव्हता. सिगारेट सोडीन, हा गाव सोडीन, बापाचं तोंड पाहणार नाही, असले मोठे निश्चय मी यापूर्वी केलेत आणि कुणाला कळायच्या आत मोडलेतही. त्या मानाने हा किरकोळ. हरणाच्या शिकारीला बंदुकीत कुठली गोळी घालायची ते सासऱ्याला विचारायचं नाही, बस्स. आता एवढ्याशा गोष्टीतून घरातला टीव्ही बंद पडला आणि एका सभ्य माणसाचा शर्ट भर दिवसा कापला गेला, तर त्याला मी काय करणार?

कॉलेज मी याच कारणासाठी सोडलं. (घरी सांगितलेलं कारण वेगळं आहे. कॉलेजने घरी कळवलेलं कारण आणखी वेगळं आहे.) पन्नाशी उलटलेला माणूस समोर उभा राहून मला समजावायला लागला, की माझे कान आपोआप मिटतात. शेतकी कॉलेजात सगळेच पन्नाशी उलटलेले आणि सगळेच समजावणारे. म्हणून मी बाहेर पडलो, ब्रेनाशी लग्न केलं आणि तिच्या आईबापांच्या तळघरात राहायला आलो. आता माझ्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, सासरा राहतो. सकाळी तो बूट घालून स्वयंपाकघरात फिरायला लागला की माझ्या उशीवर छताची धूळ पडते.

सासऱ्याचं नाव व्हर्लिन. आमच्याकडे आयोवात सासऱ्याला नावाने हाक मारतात, त्यामुळे मीही मारतो. पण तळघरात राहणाऱ्याला आवाजात 'तुम्ही' ठेवावं लागतं. मका, सोयाबीन आणि डुकरं या तीन विषयांत तो जाणकार आहे. बाकीच्या सगळ्या विषयांत तो तज्ज्ञ आहे. त्याचा थोरला भाऊ डेलमार शेजारच्याच शेतावर राहतो, पण जेवणाच्या वेळी आमच्याकडे असतो. डेलमारला एका कानाने ऐकू येत नाही. कुठल्या, ते तुम्ही काय विचारताय त्यावर अवलंबून असतं.

आमच्या घरात शिकारीचे दोन कायदे आहेत. पहिला असा, की ज्याने अजून एकही हरीण पाडलेलं नाही त्याने हाकायचं. म्हणजे ओढ्याच्या काठाकाठाने काटेरी झुडपांत घुसायचं, आरडाओरडा करत, काठ्या आपटत चालायचं, आणि हरणं उठवून वर ठाण्यावर बसलेल्या मंडळींकडे पाठवायची. मंडळी मऊ गादीवर बसून कॉफी पीत असतात. हरीण आलं की कप खाली ठेवतात. ब्रेनाने पहिलं हरीण पाडलं तेव्हा ती शाळेत होती, त्यामुळे ती ठाण्यावर. व्हर्लिन ठाण्यावर. डेलमार ठाण्यावर. उरलेल्या मंडळींनी हाकायचं असतं. उरलेली मंडळी म्हणजे मी. आमच्या पहिल्या शिकारीत माझी बायको गुडघ्यावर पांघरूण घेऊन बसली होती आणि मी तिच्यासाठी कुत्र्यासारखा भुंकत होतो. (भुंकायला डेलमारने सांगितलं होतं. हरणं कुत्र्याला जास्त घाबरतात म्हणे. मी गेल्यावर ते दोघे पोट धरून हसले, हे मला नंतर कळलं.)

दुसरा कायदा असा, की ज्याने गोळी झाडली आणि हरीण पडलं नाही, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि अवजारांच्या शेडमध्ये भिंतीला खिळ्याने ठोकायचा. भिंतीवर असल्या फडक्यांचं तोरणच आहे. त्यात डेलमार आहे, शेजारीपाजारी आहेत, ब्रेनाचा एक जुना मित्र आहे (हा विषय वेगळा), आणि गेल्या वर्षीपासून मी आहे. व्हर्लिनचं फडकं नाही. तो चुकतच नाही.

"कधीच नाही चुकलात?" मी विचारलं होतं.

"डेलमारला विचार," तो म्हणाला.

डेलमारला विचारलं, तर तो म्हणाला, "व्हर्लिन सांगतोय ना!"

असला सगळा न्याय. तेव्हा यंदा मला एकच गोष्ट हवी होती. हरीण पाडायचं आणि ठाण्यावर बसायचं. हरणाच्या मांसाशी माझं काही देणंघेणं नाही, मला ते आवडतही नाही. मला गादी हवी होती.

आता बंदुकीचं सांगतो. आमचा मुलूख ताटासारखा सपाट. लांब पल्ल्याची रायफल झाडली तर गोळी कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसेल सांगता येत नाही. म्हणून इकडे पिढ्यान्‌पिढ्या हरणाला बारा बोरची छऱ्याची बंदूकच वापरतात; फक्त छर्‍यांऐवजी काडतुसात एकच बोटाएवढी जाड गोळी असते, तिला स्लग म्हणतात. माझ्या वाट्याला व्हर्लिनच्या मेलेल्या बापाची बदकं मारायची बंदूक आली होती. बाकीच्यांच्या बंदुका नव्या, माझ्या बंदुकीच्या दस्त्यावर कुणाच्या तरी दातांच्या खुणा.

गावातल्या दुकानात गेलो. स्लगच्या डब्यांनी फळी भरलेली. त्यातला सगळ्यात देखणा डबा मी उचलला. त्यावर तांब्याच्या रंगाची टोकदार गोळी प्लास्टिकचं कवच फेकून देऊन सुसाट निघाल्याचं चित्र होतं. सगळं मागे टाकून निघालेली ती गोळी मला आपली वाटली.

गल्ल्यावरचा माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "बंदूक कुठली आहे रे?"

"बारा बोर."

"ते झालं. नळी कशी आहे?"

"लांब आहे."

"लांबी नाही विचारत. आतून कशी आहे? आटे पाडलेत की—"

माणूस साठीचा होता. माझे कान मिटले.

"माहीत आहे मला सगळं," मी म्हणालो आणि डबा घेऊन बाहेर पडलो.

शनिवारी दुपारी निशाणा जुळवायला घेतला. घराच्या मागे, तळं खणलं तेव्हाची माती टाकून झालेला मोठा उंचवटा आहे, तिथे आम्ही सगळे नेम धरतो. खांबाला एक रिकामा खोका बांधला, मागे माती आहे ना ते पाहिलं, आणि शेडच्या कोपऱ्यावर येऊन गुडघ्यावर बसलो. घरात दोघे भाऊ फुटबॉलचा सामना बघत होते.

पहिली गोळी झाडली आणि मी बसलेला होतो तो आडवा झालो. छर्‍यांचा धक्का आणि स्लगचा धक्का यात धाकट्या भावाची चापटी आणि बैलाची ढुशी इतका फरक आहे. खांदा जागेवर आहे का ते चाचपलं. खोका जसाच्या तसा. दुसरी झाडली. खोका हसत होता. तिसरी खोक्याच्या अगदी कडेला लागली. मी धावत जाऊन पाहिलं, तर भोक गोल नव्हतं. लांबट, आडवं, पत्रपेटीच्या तोंडासारखं होतं. म्हणजे गोळी डोक्याने शिरलीच नव्हती. लोळत लोळत येऊन कुशीवर आडवी होऊन शिरली होती. मला वाटलं, महागड्या मालाची तऱ्हाच वेगळी असणार.

चौथी झाडली. खोका शांत होता. घरही शांत झालं.

मग घरातून असा काही आवाज आला, की गोठ्यातल्या गायी उठून उभ्या राहिल्या.

व्हर्लिन मोज्यांवरच बाहेर आला. मागून डेलमार, हातात चिवड्याचा वाडगा.

"काय करतोयस तू?"

"निशाणा जुळवतोय."

"कशावर?"

"खोक्यावर."

"खोका कुठंय?"

"तो काय तिथं."

"आणि माझी डिश कुठंय?"

मी पाहिलं. टीव्हीची डिश अंगणातल्या झाडांचा अडथळा नको म्हणून व्हर्लिनने स्वतःच त्या उंचवट्याच्या टोकाला खांबावर बसवली होती. खोका आणि डिश यांच्यामध्ये एक ट्रक आरामात उभा राहिला असता. डिशला मधोमध एक लांबट, आडवं भोक पडलं होतं आणि त्यातून मागची माती दिसत होती.

"ती पण तिथंच आहे," मी म्हणालो.

"टचडाउन होणार होता!" व्हर्लिन ओरडला. "रेषेवर होता तो! रेषेवर!"

"आमच्या वेळी," डेलमार चिवडा चावत म्हणाला, "डिश नव्हत्या."

"म्हणून तुमच्या हातून फुटल्या नाहीत," मी म्हणालो.

डेलमारला ऐकू आलं नाही.

सासूबाईही बाहेर आल्या. त्यांचं नाव लव्हॉन. घरात सगळ्यात कमी त्याच बोलतात, कारण बाकीच्यांनी जागा शिल्लक ठेवलेली नाही. त्यांनी डिशकडे पाहिलं, नवऱ्याच्या मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवायला वेळेवर याल."

व्हर्लिनने माझ्या हातातून डबा हिसकावला, चष्मा लावला आणि डब्याच्या मागची मुंगीएवढी अक्षरं सगळ्यांना ऐकू जातील अशी वाचली. फक्त आटे पाडलेल्या नळीसाठी. नळीतल्या आट्यांमुळे ही गोळी भोवऱ्यासारखी फिरते म्हणून सरळ जाते. बदकांच्या बंदुकीची नळी आतून काचेसारखी गुळगुळीत. त्यातून ही निघाली, की दारू प्यालेल्या माणसासारखी कोलांट्या घेत जाते आणि जिथे जाईल तिथे आडवी पडते.

"वाचायला येतं ना तुला?" तो म्हणाला. "कॉलेजात शिकवलं असेल की, हाकलायच्या आधी."

"हाकललं नाही. मी सोडलं."

"आणि ही डिश तू मारली नाहीस, तिनेच गोळी पकडली."

इतक्यावर भागलं असतं तर मीही विसरलो असतो. पण नवीन डिश बसवल्यावर व्हर्लिनने जुनी फेकली नाही. शेडच्या भिंतीवर, शर्टांच्या सोग्यांच्या वर, त्याने ती मोठ्या खिळ्याला लटकवली. मग जो येईल त्याला दर्शन. बियाणंवाला आला, दाखव डिश. डुकरांचा डॉक्टर आला, दाखव डिश. चर्चचे पाद्री देणगी मागायला आले, त्यांनाही आत नेलं. दर वेळी भोकात बोट घालून मागच्या बाजूने हलवायचं आणि म्हणायचं, "जावई आमचा गोळीला आधी झोपवतो, मग मारतो." पाद्री हसले. मी त्या दिवसापासून चर्चला जायचं बंद केलं. (आधीही जात नव्हतो, पण आता कारण आहे.)

"बाबांकडून साधे स्लग घे ना," ब्रेना म्हणाली. "ते देतायत."

"नको."

"अरे, मग दुकानातून तरी आण."

"तो गल्ल्यावरचा हसेल."

"म्हणजे हेच वापरणार?"

"जवळून मारले तर लागतात. खोक्याला एक लागला की."

"आणि चुकलास तर?"

"चुकलो तर माझ्या पद्धतीने चुकेन."

तिने कपाट उघडलं. "मग जुना शर्ट घाल. चांगला कशाला फुकट घालवतोस?"

बायको आहे म्हणून सांगतो. तिचं माझ्यावर प्रेम आहे.

डिसेंबरात हंगाम उघडला. रात्रभर बर्फ पडून गेलं होतं. व्हर्लिनने गाडीच्या बॉनेटवर साचलेल्या हिमात बोटाने नकाशा काढला. हा ओढा, हे माळावरचं कुंपण, ही टेकडी. प्रत्येकाला त्याचं ठाणं नेमून दिलं. सगळ्यात चांगली जागा, कुंपणाच्या कोपऱ्यातली, त्याची स्वतःची. तिथे ओंडक्यावर जुन्या ट्रॅक्टरची सीट बसवलेली आहे, गादीसकट.

"आणि तू, पोरा—"

"मी हाकतो. माहीत आहे."

"भुंकणार आहेस का?" डेलमारने आस्थेने विचारलं.

मी ओढ्यात उतरलो. अंगावर नारिंगी जाकीट, हातात बदकांची बंदूक, डोक्यात सगळ्या म्हाताऱ्यांविषयी जे काही असायचं ते. बराच वेळ काट्यांशिवाय कुणी भेटलं नाही. आणि मग एका पडलेल्या झाडामागून तो उठला. शिंगं अशी, की मला आधी झाडाच्या फांद्याच हलल्यासारखं वाटलं.

शहाणं हरीण हाकाऱ्याच्या पुढे पळत नाही. ठाण्यावर काय बसलंय ते त्याला ठाऊक असतं. हा नर ओढ्यातून बाजूला उडी मारून वर आला आणि टेकडीच्या उताराने आडवा पळत सुटला. मीही काठावर चढलो. आता तो माझ्या समोर होता आणि कोपऱ्यातल्या व्हर्लिनच्याही समोर. आम्हा दोघांची तोंडं टेकडीकडे, मध्ये कुणी नाही. मी बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला आणि चाप ओढला.

आवाज दुप्पट झाला. मला वाटलं, बंदूक फुटली.

नर आणखी थोडा धावला, गुडघ्यावर आला आणि बर्फात कोसळला.

"लागली!" मी ओरडलो.

"लागली!" तिकडून व्हर्लिन ओरडला.

आम्ही दोघेही त्याच्याकडे धावलो. (मी धावलो. व्हर्लिन गुडघे सांभाळत, पण न थांबता आला.) त्याने हरणाच्या शिंगावर हात ठेवला. मी दुसऱ्या शिंगावर ठेवला. लग्नाच्या फोटोत उभे असतात तसे आम्ही उभे होतो.

"माझी गोळी," तो म्हणाला.

"माझी."

"तुझी टेकडीच्या पलीकडे गेली असेल. डिश शोधत."

अंगात गोळी शिरल्याचं भोक एकच होतं. पलीकडून ती निघून मातीत गडप झाली होती. म्हणजे दोघांपैकी एकाची लागली होती आणि एकजण चुकला होता. चुकलेल्याचा शर्ट कापायचा. आणि माझं चुकलेलं ठरलं, तर ओढा, काटे आणि भुंकणं जन्मभर.

डेलमार लंगडत आला.

"तुम्ही पाहिलंत ना?" मी विचारलं. "मी आधी झाडली."

"मी बघितलं," डेलमार म्हणाला. "व्हर्लिनची लागली."

"तुमचं ठाणं तर तळ्याच्या पलीकडे होतं!"

"काय म्हणालास?"

ब्रेना म्हणाली, "मी पाठमोरी होते." मग हळूच माझ्या कानात, "सॉरी."

हरीण शेडमध्ये आणून आढ्याला टांगलं. पूर्ण वाटभर व्हर्लिन ती शिंगं बैठकीच्या खोलीत कुठे लावायची ते सांगत होता. मी गप्प होतो. मी गप्प होतो म्हणजे माझं डोकं फुटायची वेळ आली होती. या माणसांना अर्धं आयुष्य कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. त्यांनी म्हणायचं, ते खरं. दुसऱ्याने साक्ष द्यायची, ती पहिल्याचीच. आणि आपण मध्ये बोललो तर 'आजकालची पोरं'.

सासूबाई जेवायला बोलवायला आल्या. शिकारीच्या दिवशी आमच्याकडे मांस-राजम्याचं तिखट कालवण आणि त्याच्यासोबत दालचिनीचे गोड पाव असतात. त्यांनी विचारलं, "कुणाचं?"

"माझं," दोघेही म्हणालो.

"भोक कुठंय?"

व्हर्लिनने बोटाने दाखवलं. सासूबाईंनी बादलीतल्या पाण्यात फडकं भिजवलं, हरणाच्या बरगडीवरचं रक्त पुसलं, केस दोन्ही बाजूंना सारले. भोक दिसलं.

लांबट. आडवं. पत्रपेटीच्या तोंडासारखं.

छपरावरून बर्फ घसरल्याचं ऐकू आलं. मला बोलायचं होतं, पण माझ्या तोंडून फक्त एक बारीक किंकाळी निघाली.

"हाडाला घासून झालं असेल," व्हर्लिन म्हणाला.

"हाडाला घासतं कधीकधी," डेलमार म्हणाला. एरवी न ऐकणाऱ्या कानाने.

सासूबाई भिंतीपाशी गेल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या, खिळ्यावरची डिश काढली आणि आणून हरणाच्या कुशीला टेकवून धरली. डिशचं भोक वर, हरणाचं खाली. एकाच साच्यातून काढलेल्या दोन बिस्किटांसारखी. तीच लांबी, तीच जाडी, एका टोकाला तोच थोडासा टोकदारपणा.

"ही गोळी झोपलेली आहे," सासूबाई म्हणाल्या. "झोपवून मारणारा आपल्या घरात एकच, असं तुम्हीच पाद्र्यांना सांगितलंत."

व्हर्लिनने डिशकडे पाहिलं. हरणाकडे पाहिलं. डेलमारकडे पाहिलं. डेलमारने छताकडे पाहिलं. सगळ्या तालुक्याला बोट घालून दाखवलेला तो पुरावा होता; नाकारायचा तर पाद्र्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

"मग माझी कुठं गेली?" तो पुटपुटला.

हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच त्याने विचारला होता, आणि उत्तर द्यायला मी तयारच होतो. "व्हर्लिन," मी म्हणालो, शक्य तितक्या आदराने, "वळा."

"काय?"

"पाठमोरे व्हा. शर्ट बाहेर काढा."

"लव्हॉन, हा नवा शर्ट आहे. तूच दिलायस."

"म्हणून तर मीच कापते," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातली मोठी कात्री त्यांनी एप्रनच्या खिशातून काढली. ती त्यांनी आधीपासूनच आणली होती. कुणासाठी आणली होती, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यात मी वाकबगार आहे.

करकर करकर असा तो आवाज. तांबड्या चौकड्यांचा सोगा त्यांनी कमरेपर्यंत कापला. ब्रेनाने त्यावर मोठ्या अक्षरांत बापाचं नाव लिहिलं. खिळा मी ठोकला. हातोडी दोनदा बोटावर बसली, पण दुखलं नाही. त्या दिवशी मला काहीही दुखत नव्हतं. डेलमारने टोपी काढली. आदराने काढली की डोकं खाजवायला, माहीत नाही.

मग जेवताना मी भाषण केलं. ब्रेना म्हणते, लांब होतं. मी म्हटलं, या घरात वय हाच पुरावा समजला जातो, तो आजपासून बंद. मी म्हटलं, डब्यावरची सूचना वाचणारे पुष्कळ आहेत, न वाचता हरीण पाडणारा एकच आहे. व्हर्लिन पाठीमागे गार वारा लागत असल्यामुळे भिंतीला टेकून, खाली मान घालून कालवण खात होता. मी तिसरा गोड पाव घेतला आणि विचारलं, "उद्या कोपऱ्यातली गादी कुणाची?"

"तुझी," तो म्हणाला.

"आणि हाकणार कोण?"

कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं. पण ब्रेना म्हणाली, "जो चुकला तो," आणि सासूबाई म्हणाल्या, "थोडं चालणं गुडघ्यांना चांगलं असतं." ठरलं.

रविवारी सकाळी मी ट्रॅक्टरच्या सीटवर बसलो. काय सांगू! मऊ गादी, गुडघ्यावर पांघरूण, हातात कॉफी, समोर टेकडीवर कोवळं ऊन. खाली ओढ्यात माझा सासरा खांद्याला बंदूक लटकवून, काठी घेऊन शिरताना मी डोळ्यांनी पाहिला. मी त्याला कप उंचावून दाखवला. जगात न्याय आहे, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि कॉलेज सोडल्याचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

वेळ गेला. हरीण आलं नाही. आवाजही आला नाही, काठीचा नाही की ओरडण्याचा नाही. कॉफी गार झाली. मग फोन थरथरला. ब्रेना होती.

"बाबा दिसले का रे तुला?"

"नाही."

"मलाही नाही. डेलमारकाकांनाही नाही. फोन त्यांनी गाडीतच ठेवलाय. कुठं पडले तर नसतील ना?"

"तुझे बाबा? याच ओढ्यात लहानाचे मोठे झालेत ते."

"म्हणूनच म्हणते. जाऊन बघ ना. प्लीज."

आता बायकोचा बाप बर्फात पडलेला असताना जावई गादीवर बसून राहिला, असं कुणी म्हणायला नको. मी उतरलो. ओढ्यात शिरलो आणि "व्हर्लिन! अहो व्हर्लिन!" अशा बोंबा मारत निघालो. प्रत्येक झुडपात डोकावलो, प्रत्येक ढोलीवर काठी आपटली. काट्यांनी जाकीट फाटलं. एका ठिकाणी बर्फ तुटलं आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो; तिथून पुढे माझ्या ओरडण्यात शब्द राहिले नाहीत, नुसतंच ओरडणं राहिलं. अशा रीतीने तो अख्खा ओढा मी खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत पालथा घातला.

तेवढ्यात वरून बंदुकीचा आवाज आला. एकच.

मी धडपडत वर आलो. कोपऱ्यातल्या सीटवर व्हर्लिन बसला होता. गुडघ्यावर माझं पांघरूण, हातात माझा कप. समोर माळावर एक नर पडला होता. कालच्यापेक्षा मोठा.

"कुठं होतात तुम्ही?" मला धाप लागली होती.

"वाट चुकलो," तो म्हणाला. त्या रानातलं प्रत्येक झाड तो नावाने ओळखतो. "फिरत फिरत इथं आलो. जागा रिकामी दिसली. म्हटलं, जरा टेकावं. इतक्यात कुणीतरी खाली भयंकर बोंबलायला लागलं आणि हा बिचारा घाबरून थेट माझ्यासमोर आला."

डेलमार लंगडत पोहोचला. त्याने हरणाकडे पाहिलं, मग माझ्या बुटातून निथळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे खरोखरच पाणावले होते.

"पोरा, आमच्या वेळीसुद्धा," तो म्हणाला, "इतका सुंदर हाका मी पाहिला नाही."

संध्याकाळी जेवताना दोघा भावांनी एकमताने ठराव केला. माझ्यासारखा माणूस गादीवर बसवून वाया घालवायचा नाही. पुढच्या वर्षापासून मला बढती आहे. मी आता मुख्य हाकाऱ्या.

हाताखाली सध्या कुणी नाही.